भाचीला नर्सिंग करायचं आहे, भाऊ ऐकत नाही. नागपूरकरांनो, अनुभव सांगा

विदर्भकन्या | १४ मे, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

माझा भाऊ काटोलजवळ राहतो, संत्र्याची बाग आहे. त्याची मुलगी यंदा बारावी झाली, ७१ टक्के पडले. नीट दिली, पण एमबीबीएसला लागतात तेवढे मार्क येणार नाहीत हे तिचं तिलाच कळलं आहे. भाऊ म्हणतो, एक वर्ष रिपीट कर, नागपुरात क्लास लावून देतो, आत्याकडे राहा. पोरगी म्हणते, मला नर्सिंगच करायचं आहे. एप्रिलमध्ये मैत्रिणींसोबत जाऊन तिनं बीएस्सी नर्सिंगची सीईटीही देऊन टाकली. भावाला वाटलं, सगळ्या पोरी देतात म्हणून ही पण देते आहे.

काल घरात यावरून मोठा वाद झाला. भाऊ बोलून गेला, "लोकायचं हागणं-मुतणं काढाले शिकवलं का तुले?" ती रडली नाही. तिनं एकच गोष्ट सांगितली.

मागच्या वर्षी माझी आई, म्हणजे तिची आजी, खुब्याचं हाड मोडून ११ दिवस दवाखान्यात होती. रात्री ही पोरगी थांबायची. एका रात्री दोनच्या सुमारास सिस्टर सलाईन बघायला आल्या. सलाईन पाहिली, मग आजीच्या पायावरची चादर बाजूला केली आणि दोन्ही पिंडऱ्यांवर एकेक हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. एक पाय गरम होता, जरा सुजलेला. त्यांनी लगेच डॉक्टरांना फोन केला, सकाळी सोनोग्राफी झाली, पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी निघाली. ती फुप्फुसात गेली असती तर आई आज नसती, असं डॉक्टर म्हणाले.

भाची म्हणाली, "आत्या, आम्ही तिघं त्या खोलीत होतो. पाय आम्हीही पाहत होतो. दिसलं फक्त त्यांना. मला तसं पाहाले शिकायचं आहे."

मी शाळेत शिक्षिका आहे, या क्षेत्रातलं मला काही कळत नाही. काम नक्की काय असतं, पगार काय, रात्रपाळीचं कसं, लग्नाला अडचण येते का, कोणता कोर्स चांगला, सगळं सांगा. गोड गोड लिहू नका, भावाला वाचून दाखवणार आहे.

---

पांढरी कॅप | १४ मे, रात्री ११.१५

ताई, मी ३४ वर्षे सरकारी नोकरी केली. अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका म्हणून निवृत्त झाले. म्हणजे आधी स्टाफ सिस्टर आणि नंतर वॉर्डाची इन्चार्ज. माझ्या वेळी डोक्यावर कडक इस्त्रीची कॅप असायची, म्हणून हे नाव घेतलं.

तुमच्या भावाच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण माझे वडील शब्दशः हेच म्हणाले होते.

होय, काढावं लागतं. मावशी असते, पण ती दर वेळी हजर नसते, आणि रोगी ओल्यात पडून राहू शकत नाही. मात्र ते काढताना आम्ही काय बघतो ते भावाला सांगा. शौच डांबरासारखं काळं आणि चिकट असेल तर पोटात कुठेतरी रक्त वाहतं आहे. लघवीच्या पिशवीत तासाला ३० मिलीपेक्षा कमी जमा होत असेल तर मोठ्या माणसाच्या मूत्रपिंडाला रक्त कमी पडतं आहे, पुढे काहीतरी वाईट घडणार आहे. कूस बदलताना माकडहाडाजवळची कातडी लाल दिसली आणि बोटानं दाबूनही ती पांढरी झाली नाही, तर बेडसोर सुरू झाला. आज पकडला तर दोन दिवसांत सुधारतो, चार दिवसांनी पकडला तर हाडापर्यंत जखम जाते. डॉक्टर राउंडला येतो तेव्हा रोगी स्वच्छ असतो, चादर बदललेली असते. या गोष्टी त्याला आमच्या तोंडून नाहीतर चार्टवरून कळतात.

एक प्रसंग सांगते. पोटाचं ऑपरेशन झालेली बाई संध्याकाळी वॉर्डात आली. ओव्हर देणाऱ्या, म्हणजे पाळी सोपवून जाणाऱ्या सिस्टरनं सांगितलं, बीपी ठीक, पट्टी कोरडी. मी नाडी मोजली, ९६. अर्ध्या तासानं ११०. बीपी तसाच. बाई सारखी म्हणे, "बाई, मले पंखा लावा, मले कसंचं होते." पंखा डोक्यावर सुरूच होता. मी तिच्या पाठीखाली हात घातला तर हात ओला. रक्त पोटावरच्या पट्टीतून वर न येता बाजूनं ओघळून पाठीखाली साचत होतं. आत रक्त जात असेल तर नाडी आधी पळते, बीपी पुष्कळ उशिरा पडतो. बीपी पडायची वाट पाहिली असती तर ती बाई गेली असती. तिला परत थिएटरात नेलं, वाचली.

त्या वेळी माझ्याकडे यंत्र म्हणून एकच होतं, सेकंदकाटा असलेलं घड्याळ.

---

गांधीबागवाला | १५ मे, सकाळी ८.०५

सगळं खरं असेल, पण मी दुसरी बाजू लिहितो. माझ्या वडिलांना एका सरकारी रुग्णालयात ठेवलं होतं. सलाईन संपली म्हणून रात्री तीनदा सिस्टरकडे गेलो. तिसऱ्यांदा ती अशी वस्कन अंगावर आली की वडील घाबरून उठून बसले. आम्ही काय भीक मागून राहिलो होतो का? त्या दिवसापासून माझं या पेशाबद्दल मत चांगलं नाही. क्षमस्व.

---

धंतोली नाइट | १५ मे, सकाळी ९.३०

गांधीबागवाले दादा, आत्ताच रात्रपाळी संपवून घरी आले. तुमच्या वडिलांसमोर ओरडणं चूकच होतं, त्याचं समर्थन मी करत नाही.

फक्त एक हिशेब सांगते. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे, शिकाऊ रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका, इतर रुग्णालयात पाचांमागे एक, आयसीयूत एकामागे एक. शिवाय सुट्ट्यांसाठी ३० टक्के जादा. मी शिकत असताना सरकारी वॉर्डात रात्रपाळी केली आहे. तिथे ४० खाटा, खाली जमिनीवर गाद्या टाकून आणखी नऊ जण, आणि आम्ही एक सिस्टर, एक विद्यार्थिनी. रात्री दहाची इंजेक्शनं संपेपर्यंत बारा वाजायचे. तुम्ही तीनदा आलात, त्या रात्री कदाचित पंचवीस जण तीनतीनदा आले असतील.

आता विदर्भकन्या ताईंच्या प्रश्नाबद्दल. तुम्ही गोड लिहू नका म्हणालात.

मी जीएनएम केलं, म्हणजे नर्सिंगचा तीन वर्षांचा डिप्लोमा. पहिली नोकरी एका खासगी रुग्णालयात, नाव घेत नाही. पगार ९,००० रुपये. मूळ प्रमाणपत्रं त्यांनी कपाटात ठेवून घेतली आणि दोन वर्षांचा बाँड लिहून घेतला. सात महिन्यांनी घरी आई आजारी पडली म्हणून सोडायचं म्हटलं, तर ५०,००० भर म्हणाले. वडिलांनी उसने आणून भरले. भाचीला सांगा, मूळ कागद कुणालाही ठेवून द्यायचे नाहीत. झेरॉक्स द्या, मूळ दाखवा आणि परत घ्या. बाँडवर सही करण्याआधी घरच्या चार माणसांना तो वाचायला द्या.

आणि पगाराचं फक्त आमच्या तोंडचं रडगाणं नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्र सरकारनं समिती नेमली होती. तिची शिफारस अशी: खासगी रुग्णालयात २०० पेक्षा जास्त खाटा असतील तर सरकारी परिचारिकेएवढाच पगार, १०० पेक्षा जास्त असतील तर फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० खाटा असतील तर फार तर २५ टक्के कमी, आणि ५० पेक्षा लहान रुग्णालयातही २०,००० च्या खाली नको. शिफारस कागदावर आहे. खासगी दवाखान्यांनी भरलेल्या धंतोली-रामदासपेठेत पायी एक चक्कर मारा आणि युनिफॉर्ममधल्या कोणत्याही नव्या पोरीला विचारा, तिला किती मिळतात.

मी आता दुसरीकडे आहे, पगार बरा आहे, इन्चार्ज समजूतदार आहे. काम सोडावंसं मला एकदाही वाटलं नाही. ते पहिलं ठिकाण मात्र सोडावंसं रोज वाटायचं.

---

निष्काम | १५ मे, दुपारी १.२०

पैशाचा विषय निघाला म्हणून लिहितो. नर्सिंग ही सेवा आहे. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करता करता १८९७ मध्ये गेल्या. आपल्या शेजारी सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींची मालिश स्वतःच्या हातानं करत. यांनी कधी पगार विचारला का? आजच्या मुलींनी आधी ही भावना ठेवावी, पैसा मागून येतो.

---

पांढरी कॅप | १५ मे, दुपारी ३.५०

निष्काम जी, तुमच्या भावनेचा मला आदर आहे, पण या मुद्द्यावर गप्प बसणार नाही.

सावित्रीबाईंनी स्वतःच्या मनानं प्राण दिले. तो निर्णय त्यांचा होता. दुसऱ्या माणसाला, तेही त्याच्या कामावर नफा कमावणाऱ्यानं, "तू सावित्रीबाई हो" असं सांगायचा अधिकार नाही. आणि त्यांचं मोठेपण तुम्ही अर्धंच सांगितलं. त्यांनी मुलींना शिकवलं ते त्यांना आपल्या पायावर उभं राहता यावं म्हणून.

३४ वर्षांत मी एक पाहिलं. आम्ही माणसं वाढवून मागितली की आम्हाला "सेवा" हा शब्द ऐकवला जायचा. हातमोजे संपले, सेवा. तिसरी रात्र सलग, सेवा. १२ मे, परिचारिका दिन आला की गुलाबाचं फूल आणि भाषण. पण बदलीचा अर्ज घेऊन गेलो की तेच लोक "तुम्ही कर्मचारी आहात, नियमात बसत नाही" म्हणायचे.

माझ्या त्या पोटाच्या ऑपरेशनवाल्या बाईला माया करणारी तिची सासू उशाशी बसलेली होती. रात्रभर पाय चेपत होती बिचारी. मायेत ती माझ्यापेक्षा कमी नव्हती. पण पाठीखाली हात घालायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. मला शिकवलं होतं. त्या शिकण्याचे पैसे असतात आणि ते मागण्यात कमीपणा नाही.

---

भूलतज्ज्ञ | १५ मे, रात्री १०.३०

डॉक्टर म्हणून दोन ओळी. खरं तर हे आमच्यापैकी कुणीतरी आधी लिहायला हवं होतं.

ऑपरेशनमध्ये पोट बंद करण्याआधी सर्जनच्या हातात हत्यारं देणारी स्क्रब सिस्टर आणि बाहेरची सिस्टर मिळून कापडी मॉप, गॉझ, सुया, हत्यारं मोजतात. सुरुवातीला मोजून फळ्यावर लिहिलेलं असतं, तेवढंच परत भरावं लागतं. एकदा सिझेरियन होतं, पहाटेचं, सगळे थकलेले. सर्जन वरिष्ठ, हात वेगवान. टाके घालायला घेतले आणि सिस्टर म्हणाल्या, "सर, एक मॉप कमी आहे." सर म्हणाले, बादलीत बघा. त्यांनी बघितलं. "नाही, सर. थांबा." त्यांची नोकरी जेमतेम दोन वर्षांची होती. सर चिडले, म्हणाले पेशंटला जास्त वेळ भुलीखाली ठेवायचं का? सिस्टरांनी हातातला नीडल होल्डर, म्हणजे टाक्याची सुई धरायची पकड, पुढे केलाच नाही. मॉप आत निघाला, आतड्यांच्या मागे सरकलेला.

ती आई दोन महिन्यांनी ताप आणि पोटदुखी घेऊन परत आली असती, दुसरं ऑपरेशन झालं असतं, कदाचित जिवावर बेतलं असतं. तिला आजही माहीत नाही की त्या पहाटे तिच्यासाठी कोण भांडलं. सर्जननी नंतर त्या सिस्टरांना सगळ्यांसमोर धन्यवाद दिले, हेही सांगतो, कारण ते सगळीकडे होत नाही.

विदर्भकन्या, भाचीला एकच विचारा. चूक दिसली तर मोठ्या माणसाला थांबवायची हिंमत आहे का? घरात परवा जे झालं ते वाचून मला वाटतं, आहे.

---

सिकलवाला | १६ मे, सकाळी ११.००

मी उमरेडकडचा, वय २८, सिकलसेल एसएस, म्हणजे रक्ताच्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात तो आनुवंशिक आजार. लहानपणापासून किती वेळा भरती झालो ते मोजणं सोडलं. रोगी म्हणून लिहितो.

क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका येतो तेव्हा हाडं आतून कुणी पिळून राहिलं असं वाटते. बाहेरून काही दिसत नाही. ना जखम, ना सूज. म्हणून लोकांना वाटते हा नाटक करून राहिला, याला इंजेक्शनची सवय लागली. मला हे तोंडावर ऐकवलेलं आहे.

एक सिस्टर होत्या. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "शून्य ते दहात किती दुखते?" मी म्हटलं, नऊ. त्यांनी नऊ लिहिलं. बस एवढंच. दुसरा प्रश्न नाही, वाकडी नजर नाही. औषध दिल्यावर अर्ध्या तासानं परत आल्या, "आता किती?" मी म्हटलं सात, तर डॉक्टरांना बोलावून डोस बघायला लावला. बरोबरच्या विद्यार्थिनींना सांगायच्या, याला बर्फ लावू नका, थंडीनं पेशी आणखी अडकतात, अंग गरम ठेवा, पाणी भरपूर पाजा, कूलरच्या झोतातून खाट सरकवा. माझ्या सगळ्या शिरा सुया टोचून टोचून बसल्या आहेत. कोणती लागते ते त्यांना पाठ होतं, डाव्या मनगटाच्या आतली. नवीन डॉक्टरनं चार वेळा टोचल्यावर त्या यायच्या आणि एका फटक्यात लावायच्या.

आमच्या विदर्भात घराघरात सिकलसेल आहे. भाचीनं हे शिकावं अशी माझी फार इच्छा आहे. दुखणं दिसत नसलं तरी मान्य करणारं माणूस वॉर्डात असलं की अर्धं दुखणं तिथंच कमी होते.

---

इंद्रावतीकाठ | १६ मे, रात्री ८.४५

रेंज कमी असते म्हणून उशीर. मी एएनएम, म्हणजे गावपातळीवरची सिस्टर, गडचिरोली जिल्ह्यात आरोग्य उपकेंद्रावर आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचा पूल बुडाला की भामरागडचा बाहेरशी संबंध तुटतो, माझं गाव त्याच्याही आत आहे.

शहरातल्या सिस्टरला हाक मारली की कुणीतरी येतं. इथे मी आणि आशाताई. लसीकरण, गरोदर बायांची तपासणी, मलेरियाच्या रक्ताच्या पट्ट्या, कुपोषित लेकरांचं वजन, सगळं आमच्याकडेच. मागच्या पावसाळ्यात पहाटे एका पोराला खाटेवर घालून आणलं. घरचे म्हणाले पोट दुखते, काहीतरी खाल्लं असेल. मी त्याच्याशी बोलत होते तर तो मान मागे टाकून माझ्याकडे बघत होता. पापण्या उचलत नव्हत्या म्हणून मान उचलत होता. मी विचारलं, रात्री कुठे झोपला? जमिनीवर. अंगावर सापाच्या दातांच्या खुणा शोधल्या, नीट सापडल्याच नाहीत. मण्यार चावली की दुखत नाही, सूज येत नाही, खूण पण धड दिसत नाही. पोटदुखी आणि पापण्या गळणं हीच निशाणी. एका कुशीवर झोपवून, श्वास मोजत मोजत प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टरांनी लगेच सर्पदंशाचं औषध सुरू केलं आणि पुढे पाठवलं. पोरगं आता शाळेत जाते.

बाळंतपणाचं तर रोजचं आहे. बाळ बाहेर आलं की एका मिनिटात आईच्या मांडीत ऑक्सिटोसिन, १० युनिट. मग पोटावरून गर्भाशय हातानं बघायचं. घट्ट चेंडूसारखं लागलं तर बरं. मऊ लागलं तर रक्त थांबणार नाही, चोळत राहायचं आणि १०८ ला फोन करायचा. हात सांगतो.

माडिया बोली शिकले मी. गाव माडिया आदिवासींचं आहे, सुरुवातीला बाया दारच उघडत नव्हत्या. आता घरातली भांडणं पण माझ्याकडे आणतात. ताई, भाचीला सांगा शहरातच राहू नको. एवढंच.

---

ब्रदर ३ए | १७ मे, पहाटे ४.१०

ड्युटीवर आहे, जरा शांत आहे म्हणून लिहितो. मी पुरुष परिचारक, आयसीयूत. आमच्या गावात सांगतो तेव्हा "कंपाउंडर का?" असं विचारतात. माझं लग्न तीन ठिकाणी याच कारणानं मोडलं. चौथ्या ठिकाणी मुलीच्या वडिलांना मी व्हेंटिलेटरवर सांभाळलं होतं, ते म्हणाले, "हाच पाहिजे." आता आम्हाला मुलगी आहे, दीड वर्षाची. तर लग्नाला अडचण येते का, याचं उत्तर हे असं आहे.

एम्समध्ये नर्सिंग ऑफिसरची भरती नॉरसेट परीक्षेतून होते, तिथे जागा ८० टक्के महिलांना आणि २० टक्के पुरुषांना आहेत. मिहानमधल्या आपल्या एम्सला पण याच परीक्षेतून जातात. सरकारी नोकरी हवी असेल तर भाचीनं पहिल्या वर्षापासून त्याचा अभ्यास धरावा.

कोरोनातल्या एप्रिल २०२१ चं लिहायला घेतलं होतं, दोनदा खोडलं. त्या महिन्यात नागपुरात काय झालं ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. फक्त एक सांगतो. नातेवाइकांना आत सोडत नव्हते. पीपीईवर मार्करनं नाव लिहायचो, कारण सगळे सारखेच दिसायचो. एक काका होते, पालथे झोपवलेले, त्यांच्या मुलीला व्हिडिओ कॉल लावून फोन मी त्यांच्या चेहऱ्याजवळ जमिनीकडून धरून बसायचो, पाठ खाली वाकवून, दहा दहा मिनिटं. मुलगी एकच वाक्य बोलायची, "बाबा, संत्र्याला पाणी देऊन राहिलो आम्ही." ते गेले. गेल्यावर अंग पुसलं, डोळे मिटवले, जबडा बांधला, नावाची चिठ्ठी लावली. हे पण आमच्या अभ्यासक्रमात आहे, पहिल्या वर्षातच शिकवतात. मेलेल्या माणसाचं अंग पुसताना त्याच्याशी बोलायचं असं आमच्या मॅडमनी सांगितलं होतं. मी बोललो.

कॅज्युअल्टीतून फोन आला, उष्माघाताचा रुग्ण वर येतो आहे. जातो.

---

पाठ्यनिर्देशिका | १७ मे, दुपारी १२.१५

मी नर्सिंग कॉलेजमध्ये शिकवते. कोर्सचं कुणी नीट सांगितलं नाही म्हणून लिहिते.

एएनएम दोन वर्षं, मुख्यतः गावपातळीवरच्या कामासाठी. जीएनएम तीन वर्षं, बारावी कोणत्याही शाखेची चालते. बीएस्सी नर्सिंग चार वर्षं, बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतं. भाचीचे विषय आहेत आणि सीईटी झाली आहे, तर बीएस्सीच करावं. पुढे एमएस्सी, क्रिटिकल केअरचा नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा निवासी कोर्स, शिकवण्याची वाट, गावात समुदाय आरोग्य अधिकारी अशी सगळी दारं त्यातून उघडतात. जीएनएमनंतरही दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून पदवी घेता येते, पण मग वर्षं वाढतात. कॉलेजला परिषदेची मान्यता आहे का हे प्रवेशाआधी तपासाच. कोर्स झाल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय काम करता येत नाही.

कॉलेज निवडताना इमारत बघू नका. विद्यार्थिनींना प्रत्यक्ष कामाला कोणत्या रुग्णालयात पाठवतात ते विचारा. मेडिकल, मेयो, डागा यांसारख्या नागपुरातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत जी मुलगी घडते ती रिकाम्या खाटांच्या रुग्णालयात घडत नाही. डागा हे बायकांचं रुग्णालय, तिथे एका महिन्यात जेवढी बाळंतपणं दिसतील तेवढी दुसरीकडे वर्षात दिसायची नाहीत. कोराडी रोडच्या मनोरुग्णालयात जाताना मुली सुरुवातीला घाबरतात, महिन्याभरानं तिथून निघताना रडतात.

आणि मला दरवर्षी पहिल्या तासाला एक गोष्ट सांगावीशी वाटते, इथेही सांगते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटलं की सगळ्यांना हातातला दिवा आठवतो. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईनं जास्त मरत होते, हे तिनं महिन्यामहिन्याचे मृत्यू मोजून, त्याच्या आकृत्या काढून सरकारला दाखवलं. लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाची ती पहिली महिला सदस्य होती, १८५८ मध्ये. रात्री दिवा घेऊन ती फिरत होती ती नुसता धीर द्यायला नाही, बघायला फिरत होती. बघितलेलं लिहून ठेवत होती. वर कॅपताईंनी पाठीखाली हात घातला, इंद्रावतीकाठनं पापण्या पाहिल्या, तीच ही विद्या आहे. माया प्रत्येकीकडे उपजतच असते, मी शिकवते ते बघणं.

---

राइनकाठ | १७ मे, रात्री ११.५०

मूळ वर्धेची, आता जर्मनीत. महाराष्ट्र सरकारचा बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार २०२४ मध्ये झाल्यापासून मला रोज कुणाचा तरी फोन येतो. भाषा बी-टू पातळीपर्यंत यावी लागते, ती सोपी नाही, वर्ष-दीड वर्ष धरा. पगार चांगला, सुट्ट्या मिळतात, माणसाला माणूस समजतात. दिवाळीला एकटं वाटतं. एजंटला आधी पैसे देऊ नका, इतकंच ठळक करून सांगते.

---

गांधीबागवाला | १८ मे, सकाळी ७.३०

सगळे प्रतिसाद वाचले. ४० खाटा आणि एक सिस्टर, हे मला माहीत नव्हतं. त्या रात्री मी पण आवाज चढवला होता, ते पहिल्या प्रतिसादात लिहिलं नव्हतं. वडील त्याच वॉर्डातून चालत घरी आले, हेही लिहिलं नव्हतं.

---

विदर्भकन्या | ९ जून, संध्याकाळी ६.२०

उशिरा कळवते आहे. सगळा धागा भावाला वाचून दाखवला, दोन बैठकांत. पहिल्या दिवशी तो मधेच उठून बागेत गेला, ब्रदर ३ए यांचा प्रतिसाद होता तो. "संत्र्याला पाणी देऊन राहिलो" याच्यापुढे त्यानं ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी स्वतः म्हणाला, राहिलेलं वाच.

त्याची एक अट आहे, कॉलेज सरकारी किंवा मोठ्या रुग्णालयाला जोडलेलं हवं आणि होस्टेल आतच हवं. पाठ्यनिर्देशिका ताई, डोमिसाइल आणि नॉन-क्रीमिलेयर तयार आहे, जातवैधता प्रमाणपत्राला अर्ज केला आहे, पावती चालेल का? आणि धंतोली नाइट, तुमचं मूळ कागदांचं वाक्य भावानं डायरीत लिहून घेतलं.

आणखी एक. काल तो काटोलच्या बाजारात घड्याळ बघून आला. विचारतो आहे, सेकंदकाट्याचंच लागतं का, आकडेवालं डिजिटल चालेल?

---

पाठ्यनिर्देशिका | ९ जून, संध्याकाळी ७.०५

पावती कधी चालते आणि मूळ कधीपर्यंत द्यावं लागतं, ते प्रत्येक वर्षाच्या माहितीपुस्तिकेत दिलेलं असतं. तेवढं पान काढून नीट वाचा आणि जातपडताळणी समितीकडे पाठपुरावा आत्तापासून सुरू ठेवा.

---

पांढरी कॅप | ९ जून, रात्री ८.३०

सेकंदकाट्याचंच घ्या. नाडी मोजताना नजर काट्यावर आणि बोटं मनगटावर असतात, आकडे बदलताना बघत बसलं की ठोका चुकतो. मनगटाला बांधायचं नको, हात कोपरापर्यंत धुवावे लागतात. खिशावर पिनेनं अडकवायचं मिळतं, उलटं लटकतं, वाकून बघितलं की सरळ दिसतं. सीताबर्डीवर मिळेल. भावाला म्हणावं, आकडे मोठे असलेलं बघा, रात्री वॉर्डातले दिवे मंद असतात.